दोन कानांचा कप

सूनबाई,

तू आणलेल्या तीन कपांपैकी दोन कानांचा निळा ठेवला आहे. बाकीचे दोन दुकानात परत द्यायला निघालो आहे, अंधार पडायच्या आत येतो.

तिन्हींत पाणी भरून वर्तमानपत्रावर उलटे धरले. चोचीचा ठिबकतो. नळीचा सांडत नाही, पण नळी आतून धुता येत नाही, दूध साचून वास मारेल. निळा तर आपल्या भिंगरीने खुर्चीवरून चारदा आपटला, थेंब सांडला नाही. त्याच्या झाकणातली रबराची चकती मी वेष्टण समजून केरात टाकली होती. शोधून, उकळून परत बसवली. हस हवं तर.

उद्या तिला पहिल्यांदा पाळणाघरात सोडशील, तेव्हा तिथल्या बाईंना एक सांग. भिंगरी एक घोट घेते आणि थांबते. समोरच्याने आपल्या पेल्यातला एक घोट घेतला की मगच दुसरा घेते. ही सवय मीच लावलेली. दुपारभर आम्ही दोघंच असायचो. कुणी प्यायलं नाही तर ती कप धरून तशीच बसेल, आणि दिवस उन्हाचे आहेत.

बाईंकडे वीस पोरं, त्यांना वेळ होणार नाही हे कळतं मला. म्हणून दोन दिवस मला तिथे बसू दे. कोपऱ्यात बसेन, मध्येमध्ये करणार नाही. तिला एकटीने प्यायला शिकवतो आणि घरी येतो.

आबा