आभाच्या बाबांचे बोलके शेरे

प्रति,
मा. उपविभागीय अधिकारी,
मीटर वाचन शाखा,
विश्वामित्री पाइप गॅस वितरण मंडळ,
रावपुरा, बडोदे.

अर्जदार : श्रीमती नीरा संजीव दिघे, वासणा रोड, बडोदे.

विषय : कै. संजीव दिघे, मीटर वाचक, यांचे मंडळाच्या संगणकातील बोलके शेरे पुसले जाण्याआधी त्यांच्या फोनमध्ये परत मिळण्याबाबत. ते न जमल्यास एकदा ऐकू देण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे गुजराती अर्ज. २) आपल्या शाखेचे 'निरुपयोगी माहिती' या मथळ्याचे पत्र.

मान्यवर साहेब,

१. आपल्या कार्यालयात अर्ज गुजरातीत द्यावा लागतो हे अर्जदारास ठाऊक आहे. यापूर्वीचे सगळे अर्ज तिने तसेच दिले. ते शेजारच्या दीप्तीबेन यांनी वेळ काढून, सुवाच्य अक्षरात लिहून दिले. त्यांचा यात काडीचाही दोष नाही. परंतु एका शब्दाने घात केला, तो कसा ते पुढे येईलच. आवक-जावक टेबलावरच्या स्नेहलताबेन यांनी परवा अर्जदारास जिन्यापाशी गाठून सांगितले, की नवे साहेब घरी मराठी बोलतात, तुम्ही आता मराठीतच लिहा, त्यांच्याकडे बाबा म्हणजे बाबाच. म्हणून हा अर्ज मराठीत आहे. अर्जदाराची मुलगी आभा दुपारी झोपते तेवढ्यातच तो लिहिला आहे. ती मधेच उठून बसते. त्यामुळे काही ठिकाणी अक्षर आणि विषय दोन्ही सुटलेले दिसतील, त्याबद्दल क्षमा असावी.

२. अर्जदाराचे यजमान आपल्या शाखेत मीटर वाचक होते. वासण्याच्या सोसायट्यांची फेरी त्यांच्याकडे होती. मंडळाने मीटरचे आकडे फोनवर घेण्याची पद्धत सुरू केली, तेव्हा ज्यांच्याकडे स्वतःचा मोठा फोन होता त्यांच्या फोनमध्ये मंडळाचा प्रोग्रॅम घालून देण्यात आला. यजमानांनी हौसेने आपला फोन पुढे केला. सकाळी कार्यालयात जायचे आणि फोन टेबलावरच्या 'रीडर' नावाच्या यंत्राजवळ धरायचा. वायर नाही, खटका नाही. आदल्या दिवशीचे आकडे ब्लूटूथने संगणकात जायचे आणि त्या दिवशीच्या घरांची यादी फोनमध्ये यायची. फोन हातभर लांब गेला तर दोघांचे बोलणे तुटते, असे ते सांगत. घर बंद आहे, कुत्रे मोकळे आहे, काच फुटली आहे, असे शेरे बारीक बटणांवर टिपत बसण्याऐवजी तोंडाने बोलून ठेवायची सोय होती. त्यालाच शाखेत बोलका शेरा म्हणत.

३. ज्या माणसाला बोलायची आवड, त्याच्या हाती मंडळाने ही सोय दिली. यजमान आकडा टिपून झाल्यावर शेऱ्यात आभाशी बोलत. एका घरामागे मांजरीने मीटरच्या पेटीत पिल्ले घातली होती. तिथला शेरा अर्जदारास तोंडपाठ आहे : "आभा, इथे आकडा दिसत नाही, पण पिल्लं दिसतात. एकाचे डोळे उघडलेत, ते मलाच वाचतंय." एका बंगल्यातल्या आजींनी त्यांना ढोकळा खाऊ घातला, तर तोंडात घास असतानाच शेरा दिला होता. संध्याकाळी घरी आले की फोन जमिनीवर ठेवायचा आणि आभाने पालथे पडून, कान लावून सगळी फेरी ऐकायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच शेरे आकड्यांबरोबर मंडळाकडे जायचे. रीडरने घेतले की फोनमधून ते निघून जातात, ही गोष्ट अर्जदारास माहीत नव्हती. माहीत व्हायचे कारणही नव्हते, कारण रोज संध्याकाळी नवे असायचेच.

गेल्या पावसाळ्यात यजमान डेंग्यूच्या तापाने गेले. शेवटच्या फेरीचे आकडे फोनमध्येच होते. त्यांचे सहकारी हेरंबभाऊ घरी आले, खाली मान घालून बसले, आणि म्हणाले, "वहिनी, कसं बोलू कळत नाही. पण लोकांची बिलं अडली आहेत." अर्जदार फोन घेऊन कार्यालयात गेली. रीडरजवळ फोन धरा म्हणाले, तिने धरला. पडद्यावर 'पूर्ण' असे आले. सर्वांनी आभार मानले, चहा विचारला. घरी आल्यावर आभाने नेहमीचे बटण दाबले. मग पुन्हा दाबले. मग चुरमुऱ्यांचा डबा रिकामा झाला की झटकून पाहतात तसा तिने फोन उलटा करून झटकला.

४. आता त्या शब्दाबद्दल. पहिल्या अर्जात दीप्तीबेन यांनी, अर्जदाराने सांगितले तसेच, 'आभाच्या बाबाचा आवाज' परत मिळावा असे लिहिले. साहेब, आपण बडोद्याचे आहात. इथे मूल झाले की दारात पहिला प्रश्न येतो, बाबो के बेबी? शाखेतील भाईंनी बाबा म्हणजे लहान मुलगा असा अर्थ घेतला आणि उत्तर दिले, की मंडळाच्या संगणकात लहान मुलांचे आवाज ठेवले जात नाहीत, तरीही मागणी करायची असल्यास बाबाच्या जन्माचा दाखला जोडावा. अर्जदारास आधी हसू आले. किती तरी दिवसांनी आले होते. मग ते पत्र तिने पुन्हा वाचले.

५. दुसऱ्या अर्जात तिने खुलासा केला, की बाबा म्हणजे मुलगा नव्हे, वडील. तेव्हा शाखेने नोंद सुधारली आणि 'अर्जदाराचे वडील' असे घातले. अर्जदाराचे वडील श्री. दामोदर हे रावपुऱ्यातच राहतात. त्यांच्या नावे पत्र गेले, की आपल्या मृत्यूचा दाखला सादर करावा. ते टोपी घालून कार्यालयात आले आणि टेबलासमोर उभे राहून म्हणाले, "मी आलो आहे. आणखी काय सादर करू?" भाईंनी त्यांना खुर्ची दिली, पंखा वाढवला, पाणी दिले. "काका, नाराज होऊ नका, फाइलमध्ये तुम्ही गेलेले आहात," असेही सांगितले. वडील घरी येऊन म्हणाले, "नीरा, माणसं चांगली आहेत ग. म्हणून तर काही होत नाही." अर्जदारास त्यांचे म्हणणे तेव्हा पटले नव्हते.

६. ही चूक यथावकाश दुरुस्त झाली. त्यानंतर हेरंबभाऊंनी मार्ग सुचवला. रीडर फोनकडून घेतो तसा फोनला देतोही. रोज घरांची यादी देतोच की. तेव्हा यजमानांचा फोन जवळ धरून त्याच वाटेने शेरे परत पाठवता येतील. शाखेनेही तत्त्वतः हरकत घेतली नाही. ठरलेल्या दिवशी अर्जदार आभाला कडेवर घेऊन हजर झाली. फोन रीडरजवळ धरला. रीडरने ओळख दिली नाही.

कारण असे निघाले, की प्रत्येक फोनला आपले एक नाव असते आणि ते संगणकातील यादीत दिसते. यजमानांनी फोनला 'आभाचा बाबा' असे नाव दिले होते. यादी साफ करताना हा कुणाच्या तरी मुलाचा खेळायचा फोन चुकून शिरला आहे असे समजून भाईंनी तो काढून टाकला. एकदा काढलेला फोन पुन्हा जोडायचा तर कर्मचारी क्रमांक लागतो, आणि मृत्यूनंतर क्रमांक बंद होतो. अर्जदाराने विचारले, दुसऱ्या कुणाच्या क्रमांकावर जोडता येणार नाही का? तर एकाचे शेरे दुसऱ्याच्या क्रमांकावर देणे ही फसवणूक ठरते, असे उत्तर मिळाले. हेरंबभाऊ त्या वेळी खिडकीबाहेर पाहत होते. आभा मात्र फोन रीडरला टेकवून, "अजून जवळ, अजून जवळ," असे म्हणत राहिली. तिला वाटले, अंतराचाच प्रश्न आहे.

७. पुढे शाखेने असेही कळवले, की प्रत्येक बोलका शेरा एकेका ग्राहकाच्या मीटर क्रमांकाखाली साठवलेला आहे, म्हणून तो त्या ग्राहकाची खासगी माहिती ठरतो. तो बाहेर द्यायचा तर ग्राहकाचे ना-हरकत पत्र हवे. अर्जदाराने तेही केले. आभाला घेऊन ती यजमानांच्या फेरीतून घरोघर फिरली. बहुतेकांनी दारातच सही दिली. श्री. उदयसिंहराव म्हणून एक वयस्क गृहस्थ आहेत, त्यांनी आत बोलावून बसवले आणि म्हणाले, "तुमचे मिस्टर आमच्या मीटरशी गप्पा मारायचे. आमची ही म्हणायची, बिचारा एकटा असेल." मग त्यांना काय सुचले कोण जाणे, ते आभाला मागच्या भिंतीपाशी घेऊन गेले आणि मीटर दाखवून म्हणाले, "इथे उभा राहायचा बघ." आभा त्या मीटरसमोर बराच वेळ उभी होती. तिने त्याला कानही लावून पाहिला.

ही पत्रे शाखेने परत केली. सह्या घरात राहणाऱ्यांच्या असून मीटर पुष्कळ ठिकाणी घरमालकांच्या नावे आहेत, असे कारण दिले होते. उदयसिंहरावांचा मीटर त्यांच्या दिवंगत पत्नीच्या नावे निघाला.

८. यानंतर अर्जदाराने वरिष्ठांकडे दाद मागितली आणि तिची दखल घेतली गेली, हे ती कृतज्ञतेने नमूद करते. समिती नेमण्यात आली. समितीने सर्व बोलके शेरे ऐकले आणि अहवाल दिला, की त्यांत मीटरच्या आकड्याशी संबंध असलेले बोलणे फारच थोडे असून उर्वरित मजकूर मांजर, पोपट, ढोकळा व एक लहान मुलगी यांविषयी आहे. सबब हे शेरे ग्राहकांची माहिती ठरत नाहीत, मंडळाची माहिती ठरत नाहीत, ते निरुपयोगी होत. जुना संगणक आता मोडीत निघणार असून निरुपयोगी माहिती नव्या संगणकात नेली जाणार नाही. ती नियमानुसार पुसली जाईल.

साहेब, जोवर ते मंडळाचे होते तोवर अर्जदारास देता येत नव्हते. आता मंडळाचे नाहीत, तर ते कुणालाच देता येत नाहीत, कारण जे निरुपयोगी ठरले त्याच्या हस्तांतराचा नमुनाच नाही. अर्जदाराने हे वाक्य आपल्या कारकुनांच्या तोंडून ऐकले, आणि तिला खरोखर वाईट वाटले ते त्यांच्याबद्दल. तेही सांगताना अवघडले होते.

९. तरी अर्जदाराची विनंती अशी : फोन ती रोज चार्ज करून ठेवते. त्याची ओळख पुन्हा संगणकास करून द्यावी व शेरे परत पाठवावेत. एवढे होणे कठीण आहे हे तिला कळते.

तसे न जमल्यास, संगणक मोडीत जाण्याआधी आभाला त्याच्यासमोर बसून ते ऐकू द्यावेत. ती गडबड करणार नाही. ऐकताना ती कधीच गडबड करत नसे. यासही नियमांत जागा नसावी असे अर्जदार धरून चालली आहे.

तेव्हा शेवटची विनंती लहान आहे. समितीत बसून ज्यांनी हे शेरे ऐकले, त्यांच्यापैकी कुणाही एकास अर्जदाराशी थोडा वेळ बोलण्याची मुभा द्यावी. त्यांनी काही लिहून देऊ नये, सही करू नये. कारण असे, की फोन गप्प झाल्यापासून आभा रोज संध्याकाळी "बाबा कसे म्हणायचे?" असे विचारते आणि अर्जदार यजमानांची नक्कल करून पिल्लांचा शेरा म्हणून दाखवते. सुरुवातीला आभा चिडायची, "असं नाही, असं नाही," म्हणून तोंडावर हात ठेवायची. अर्जदार सुधारून पुन्हा म्हणायची. अलीकडे आभा चिडत नाही. ती पालथी पडून ऐकते आणि बरोबर आहे म्हणते. अर्जदार मात्र डोळे मिटून यजमानांचा आवाज आठवायला जाते, तेव्हा तिला आता स्वतःचीच नक्कल ऐकू येते.

ज्यांनी तो आवाज शेवटचा ऐकला, त्यांनी समोर बसून अर्जदाराने म्हटलेला एक शेरा ऐकावा आणि ती कुठे चुकते तेवढे सांगावे. मागणे एवढेच.

आपल्या कार्यालयाच्या बाकावर नेहमी दिसणारी,

नीरा संजीव दिघे

बडोदे,
दि. ९ जुलै २००९