शेवटच्या बाकावरची शाल

७ सप्टेंबर, रविवार
बिशपसाहेबांचा फॉर्म आला. या महिन्यात उपस्थितीची सरासरी साठाच्या खाली गेली, तर आमची मंडळी पुलापलीकडच्या मोठ्या चर्चमध्ये विलीन. म्हणजे पंधरा वर्षं इथे पाळक असलेला मी तिथे सहायक.
घाबरण्याचं कारण नाही. आजपासून प्रवचनमाला सुरू : ‘यशस्वी मंडळीची सात लक्षणं’. लक्षणात अव्याप्ती-अतिव्याप्ती नसावी, म्हणजे ते अपुरंही पडू नये आणि भलत्यालाही लागू होऊ नये, असं संस्कृतच्या मास्तरांनी छडी घेऊन शिकवलं होतं. माझी सातही निर्दोष आहेत.
दुसऱ्या गीताच्या वेळी व्यासपीठावरून डोकी मोजली. अठ्ठावन्न. (व्यासपीठावर चष्मा लावत नाही. चेहऱ्याचं वजन जातं.) ऑर्गनवाल्याच्या बायकोला सातवा महिना आहे. तिला दोन धरावं का, असं मनात आलं. मोहच तो. टाळला.
निघताना नर्सबाई दारात थांबल्या. शेवटचा बाक त्यांचा. रिटायर झाल्या तरी गल्लीभर इंजेक्शनं देत फिरतात. हल्ली पायऱ्या चढताना दम लागतो म्हणाल्या, एकदा घरी प्रार्थनेला या म्हणाल्या. मंगळवारी नक्की, असं सांगितलं.

९ सप्टेंबर, मंगळवार
दिवसभर दुसरं लक्षण लिहिलं. नर्सबाई गुरुवारी.
बायको म्हणाली, मी जाऊन येते. तिला समजावलं की आजाऱ्याकडे आधी पाळकाने जायचं असतं, त्याला एक क्रम आहे. तिने विचारलं, आजाराला हा क्रम कळवलाय का.

११ सप्टेंबर, गुरुवार
नवे बूट चावतात. सोमवारी.

१४ सप्टेंबर, रविवार
एकोणसाठ. लक्षणं लागू पडताहेत. नर्सबाई जागेवर, तपकिरी शाल पांघरून, मान खाली घालून. म्हणजे बऱ्या आहेत. भेटीची घाई उरली नाही.

२१ सप्टेंबर, रविवार
साठ.
तिसरं लक्षण : एकाग्र श्रवण. उदाहरण समोरच होतं. शेवटच्या बाकाकडे बोट दाखवून म्हणालो, तिकडे पाहा, अर्धा तास झाला, जराही हललेल्या नाहीत. सगळी मंडळी वळून पाहू लागली. चर्चचा शिपाई खाकरला. सर्दी असावी.
जेवताना बायकोने सांगितलं, ती नुसती शाल होती. नर्सबाई सात तारखेला बाकावर विसरून गेल्या, आणि त्या येतील म्हणून शिपायाने तशीच ठेवली. त्या दोन आठवडे अंथरुणावर आहेत. आधी का नाही सांगितलंस, विचारलं. म्हणाली, रोज सांगत होते, तुम्ही लक्षणं लिहीत होता.
लांबून कुणाचीही चूक होईल. साठचा आकडा खोडलेला नाही. शाल हजर म्हणजे बाईंचा भाव हजर.
उद्या सकाळी पहिलं काम नर्सबाई.

२२ सप्टेंबर, सोमवार
चौथं लक्षण हातासरशी संपवलं आणि निघालो. पोचलो साडेअकराला. नर्सबाई दहाला गेल्या होत्या.
बायको उशाशी होती. क्रम मोडून पहाटेच आली होती. घरात शिंपी, भाजीवाली, गवंडी, दोन पोलीस. कोण नातलग, कोण शेजारी, कळेना. सगळेच रडत होते. मी प्रार्थना सुरू केली. ती मघाशीच झाली, असं कुणीतरी हळूच सांगितलं.

२४ सप्टेंबर, बुधवार
अंत्यविधी. चर्चमध्ये माणसं, पायऱ्यांवर माणसं, फाटकाबाहेर माणसं. सवयीने मोजली. दोनशे अकरा.
बिशपसाहेब स्वतः आले होते. जाताना म्हणाले, ही जिवंत मंडळी आहे, विलीन कशाला करायची. मग विचारलं, शेवटच्या भेटीत बाई काय म्हणाल्या. दम लागतो म्हणाल्या, असं सांगितलं. खोटं नाही.

२८ सप्टेंबर, रविवार
चष्मा लावून मोजलं. चव्वेचाळीस. इतके रविवार मी आणखी काय काय मोजलं, कोण जाणे. पिशव्या असतील.
बायको आज बाकावर नव्हती. भाजीवालीची सासू आजारी आहे, तिकडे गेली होती.
सातवं लक्षण, आजाऱ्यांची भेट, १९ ऑक्टोबरला ठेवलं होतं. रद्द केलं.
शिपायाने शाल घडी घालून माझ्या टेबलावर ठेवली. त्यांच्या माणसांना पोचवा म्हणाला. हो म्हटलं. त्यांची माणसं कोण, हे पंधरा वर्षांत मी विचारलेलं नाही.