आधीच्या घरमालकाचा दाखला

४ ऑक्टोबर

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

मी इथे खुशाल आहे. म्हणजे अंगाने खुशाल, पत्त्याने नाही. अजून ऑफिसच्या अडगळीच्या खोलीत जुन्या नोंदवह्यांशेजारी झोपते आहे. काम मात्र मनापासून आवडलं. दर तासाला नदीची पातळी वाचायची आणि वहीत लिहायची. पाणी चढू लागलं की भोंगा होतो, आणि मग पंधरा मिनिटांत धक्क्यावर हजर व्हावं लागतं. म्हणून घर भर शहरातच हवं, अशी साहेबांची अट आहे. एकतीस तारखेपर्यंत पत्ता नोंदवला नाही, तर नोकरी यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. तीन वेळा परीक्षा देऊन मिळवलेली नोकरी एका खोलीपायी जायला नको.

जागा दाखवायला एक दलाल मिळाला आहे. त्याची भाषा शिकायला मला आठवडा लागला. ‘हवेशीर’ म्हणजे खिडकी बंद होत नाही. ‘सुटसुटीत’ म्हणजे दार उघडायचं तर आधी पलंगावर चढायचं. ‘नदीचं दर्शन’ असलेल्या एका घरात मी नदी शोधून दमले, तेव्हा त्याने मला न्हाणीघरात स्टुलावर उभं केलं आणि झरोक्यातून मान बाहेर काढायला सांगितली. वीतभर पाणी दिसलं. त्या वितीचं भाडं वेगळं. मग परवडणारा एक तळमजला दाखवला. भिंतींना नवा रंग होता, पण छातीपर्यंतच! वर जुनाच. रंग अर्धाच का, असं विचारल्यावर तो म्हणाला, हल्लीची फॅशन आहे. बाबा, मी नदी मोजून पोट भरते, मला फॅशन कळते. तिथे नदी येऊन राहून गेली होती.

शेवटी एक खोली सापडली. तिसरा मजला, धक्क्यापासून सात मिनिटं, भाडं माझ्या आवाक्यातलं. घरमालकीणबाईंचे चौतीस नियम जिन्यात चौकटीत लावले आहेत. पहिला नियम, आधीच्या घरमालकाचा दाखला हवा. आता मी जन्मात एकाच घरमालकाकडे राहिले, ते म्हणजे तुम्ही. तेव्हा चार ओळी लिहून धाडा. बाईंचा पत्ता खाली दिला आहे, दाखला त्यांच्या नावे करा, पण पाठवा माझ्याकडे.

लोभ आहेच, त्यातला थोडा दाखल्यात उतरावा.

तुमची,
भिंगरी


९ ऑक्टोबर

चि. भिंगरी हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. नोंदवह्यांशेजारी झोपतेस, तर निदान उशीला तरी चालू सालची घे.

इथे सगळं ठीक. स्वयंपाक एकट्यापुरता करायला अजून जमत नाही, रोज उरतो. आपल्या पालिकेच्या पाणीपट्टी खात्यात एक जागा रिकामी आहे, असं सहज कानावर आलं. सहजच लिहितो.

दाखला सोबत जोडला आहे. वजनमाप निरीक्षक म्हणून चौतीस वर्षं काढली, खोट्या कागदावर एकदाही सही केली नाही. ती सवय आता मोडणं नाही. मजकूर असा:

‘दाखला देण्यात येतो की, सदर व्यक्ती माझ्या घरी अठ्ठावीस वर्षे राहिली. या काळात तिने एकदाही भाडे दिले नाही. नळ पूर्ण बंद करीत नाही. दिवा जळता ठेवून झोपते. आंघोळ करताना गाते. सूर कमी, आवाज जास्त. दोन वेळा किल्ली हरवली, तिसऱ्या वेळी कुलूप. वरील माहिती खरी आहे.’

तब्येत सांभाळ. आशीर्वाद भरपूर आहेत, ते तोलून पाहायचे नसतात.

तुझे बाबा


१४ ऑक्टोबर

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

दाखला मिळाला. खोली मिळाली नाही.

ती अजून रिकामीच आहे, बाहेर मी आहे. दलाल आता मला एका जिन्याखाली नेतो म्हणतो. तिथे उभं राहता येत नाही, पण आडवं छान होता येतं म्हणे. साहेबांनी आज दोनदा पत्ता विचारला. यादीतला पुढचा उमेदवार येऊन धक्का बघून गेला.

तुम्ही लिहिलंत त्यात खोटं काही नाही, हे मला मान्य आहे. म्हणूनच फार लागलं. अठ्ठावीस वर्षांत तुम्हाला माझं एवढंच दिसलं? की मी परत यायला हवी आहे? तसं असेल तर तसं स्पष्ट लिहा, दाखल्याच्या आडून नको. पाणीपट्टी खात्यात मी जाणार नाही.

रागावले आहे. लोभही आहे, पण आज तो मागे उभा आहे.

भिंगरी


१९ ऑक्टोबर

श्रीमती घरमालकीणबाई यांस,
सा. न. वि. वि.

ओळख नसताना लिहितो, क्षमा असावी. माझ्या मुलीबद्दल मी दिलेला दाखला आपण वाचून बाजूला ठेवला असेल. त्यात एकही शब्द खोटा नाही. तरी तो दाखला खोटा आहे.

दुकानदाराची सगळी मापं बरोबर असतात, पण तो पारड्याखाली मेणाचा गोळा चिकटवतो. असे शेकडो लोक मी पकडले. या वेळी मेण माझं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे काटे तपासले, आणि पोटच्या मुलीच्या बाबतीत मीच काटा मारला.

ती दिवा जळता ठेवते, हे लिहिलं. मी फिरतीवरून उशिरा यायचो, मला अंधारात जिना चढावा लागू नये म्हणून ती सवय लागली, हे लिहिलं नाही. गाते हे लिहिलं. तिची आई गेल्यावर या घरात दुसरा आवाजच नव्हता, हे लिहिलं नाही. भाडं तिने दिलं नाही, हे खरं. पण हिशेबाला बसलो तर देणं माझ्याकडेच निघेल. कुलूप हरवलं तेव्हा ती मला दवाखान्यात घेऊन धावली होती. नळाबाबत मात्र बचाव नाही. नळ ती खरोखरच बंद करत नाही.

हे का केलं, तेही सांगतो. ती परत यावी असं मला वाटत होतं. तसं तिला म्हणायची हिंमत झाली नाही, म्हणून कागदावर सही केली. माझी शिक्षा तिला होऊ नये.

माझ्याबद्दल लोभ नसला तरी चालेल. खोली असावी, ही विनंती.

आपला,
निवृत्त निरीक्षक


२५ ऑक्टोबर

रा. रा. निवृत्त निरीक्षक यांस,
सा. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. आपण कबुली दिलीत, पण गुन्हा मला ठाऊकच नव्हता. तो आधीचा दाखला मी पाहिलेला नाही. आपली मुलगी रिकाम्या हाताने आली आणि एवढंच म्हणाली, की वडील खोटं लिहीत नाहीत, म्हणून दाखला आणलेला नाही. मी तिला परत पाठवलं. नियम म्हणजे नियम.

माझ्याकडे खणभर दाखले आहेत. त्यांतला प्रत्येक भाडेकरू देवमाणूस आहे, आणि त्यांतल्या तिघांनी जाताना माझे पडदे नेले. बापानेच मुलीच्या नळाची तक्रार केलेला कागद माझ्याकडे पहिल्यांदाच आला. तो दाखला म्हणून मान्य केला आहे. नळाला नवा वायसर बसवून घेतला. किल्ली आज सकाळी दिली, दुपारी तिने ऑफिसात पत्ता नोंदवला.

ज्याचा दाखला त्याने तो वाचून खाली सही करावी, असा अकरावा नियम आहे. म्हणून आपलं पत्र तिच्या हाती दिलं. ते घेऊन ती जिन्याच्या पायरीवर बसली, ती तासभर उठली नाही. मी दोनदा येऊन पाहिलं. जिन्यात बसून रडू नये हा पस्तिसावा नियम मी करणार आहे, पण तो उद्यापासून.

कळावे. लोभाचं पुढे पाहू.

घरमालकीण