काटा का उतरतो

रविवार, संध्याकाळ

आतली हवा किती ओढली गेली ते दाखवणाऱ्या गेजचा काटा आजही उतरला. शिवाजीनगरातून आणलेल्या जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरचा पंप केलाय. फायबरचे थर घट्ट बसावेत म्हणून होडीवर प्लॅस्टिक चिकटवून आतली हवा ओढायची, पण पंप बंद केला की हवा परत शिरते. दोष पंपाचाच, दुसरं काय? चहा घेऊन आलेली सुमन म्हणाली, "अहो, या कोपऱ्यात बारीक सूं सूं होतंय की!" मला काहीच ऐकू येईना. तिने तिथे बोट दाबलं आणि काटा थांबला. मग मी तिथे चिकटपट्टी लावली.

कान तपासून घ्या, म्हणून ती किती दिवस मागे लागलीय. मी म्हणायचो, तूच हळू बोलतेस.

काटा अजून जागेवर आहे. स्वयंपाकघरातून ती आत्ता काहीतरी म्हणाली असावी. नुसतं 'हो' म्हणण्यापेक्षा उठून विचारून येतो.