आवाज मॉनिटरकडे जातो

५ मे, सोमवार
घरच्या कॉम्प्युटरवरची जुनी सिस्टीम काढून लिनक्स टाकलं. सगळं झकास. फक्त लेकीच्या गेमला आवाज नाही. किरकोळ बाब. रविवारी तिच्या टीमची मॅच आहे. टीमचा कॅप्टन तिचा मामा, म्हणजे माझा मेव्हणा. आवाजाशिवाय खेळताच येत नाही म्हणे. उद्या संध्याकाळपर्यंत करून देतो म्हटलं.

६ मे, मंगळवार
लिनक्सवाल्यांच्या ऑनलाइन फोरमवर सापडलेली एक कमांड चालवली. आता गाण्यांचाही आवाज गेला. तिथेच एकानं लिहिलंय, "माझं आपोआप ठीक झालं", आणि गायब. किळस येते अशा माणसांची. बायको म्हणाली, माझ्या भावाला विचारा. त्यापेक्षा बहिरा राहीन म्हणालो.

७ मे, बुधवार
टेस्टिंगसाठी लेकीच्या अकाउंटनं गेम उघडला. तो थेट टीमच्या गप्पांच्या रूममध्ये नेतो. मेव्हणा तिथे हजरच. कामधंदा नाही माणसाला. चॅटमध्ये काहीतरी लिहायला लागला. सल्ला असणार. न वाचता चॅट बंद केलं. घरात कुणी नव्हतं, म्हणून मोठ्यानं मन मोकळं केलं. त्याची अक्कल, त्याची नोकरी, सासूबाईंनी केलेले लाड, काही सोडलं नाही. फार बरं वाटलं. आवाज नाही.

८ मे, गुरुवार
नवा नियम: आधी पूर्ण वाचायचं, मगच कमांड मारायची.
दुपारी: न वाचता मारली. आता कीबोर्डही अडखळतो. शिसारी आली या प्रकाराची.

९ मे, शुक्रवार
लेकीनं विचारलं, जुनी सिस्टीम परत टाकता येईल का? बॅकअप घेतला नव्हता, हे सांगितलं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे म्हणालो. ती बॅग भरून मामाकडे गेली. त्यानं तिला नवं अकाउंट काढून दिलंय. सरळसरळ फितुरी.
वाईट वाटलं. मग पुन्हा गेम उघडून त्याला अर्धा तास शिव्या घातल्या.

१० मे, शनिवार
विश्रांती. माघार नव्हे.

११ मे, रविवार
सापडलं. आवाज इतके दिवस मॉनिटरकडे जात होता, आणि आमच्या मॉनिटरला स्पीकरच नाही. सेटिंगमध्ये एक टिक बदलली, झालं. मॅच सुरू व्हायची होती. कौतुक बघायला बायकोला हाक मारली, गेम उघडला, आवाज पूर्ण वाढवला.
पहिला आवाज मेव्हण्याचा.
"दाजी, तुमचा माइक चालू आहे. बुधवारपासून सांगतोय."
मागे कुणीतरी हसलं. टीममधल्या सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं. मी माइक बंद करायचं बटण शोधत होतो. ते सापडायच्या आत लेक बोलली.
"बाबा, आता ऐकू येतंय ना? मग जा ना तुम्ही. सगळे थांबलेत."
गेला आठवडाभर या आवाजासाठी झटलो होतो. गेम बंद केला.
बायको अजून दारात उभी आहे. बुधवारी तिचा भाऊ नक्की काय ऐकत होता, हे तिला कळायला हवंय.