जाखिणीच्या बांगड्या

६ जाने. ८६, सोमवार
फोटो स्टुडिओला सुट्टी. दिवसभर पायपीट, पिक्चरसाठी जाखीण मिळाली नाही. नाटकमंडळातल्या दोघींचा नकार; एकीचं लग्न ठरायचंय, दुसरीचं नुकतंच झालंय. शेवटी घरात विचारलं. शैला म्हणाली, "सवाष्णीने मेलेल्या सवाष्णीचं सोंग घ्यायचं, तेही नवऱ्याच्या हौसेसाठी? उलटलं तर तुमच्यावरच उलटेल." बायकोचा मुद्दा बिनतोड. मी मेलो तर पिक्चर पुरा कोण करणार?
माझा दोस्त हमीद कुवेतहून कॅमेरा, प्रोजेक्टर नि तीन रिळं घेऊन आलाय. त्याची सुट्टी फक्त ८ फेब्रु.पर्यंत.
जेवताना ताई आमटी वाढता वाढता म्हणाली, "मी होते जाखीण." भावोजी जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून ती आमच्याकडेच. म्हणाली, "मेल्यावर मला कोण जाखीण करतंय? सवाष्णीची जाखीण, विधवेची लावसट होते. मग आत्ताच होऊन घेते." शैला हसली, मग तिने आमटीचं भांडं ताईच्या हातातून घेतलं.

८ जाने.
जाखीण म्हणजे हिरवं लुगडं, हिरवा चुडा, कपाळभर कुंकू. कासाराने बांगड्यांचं माप विचारलं. मला कुठलं माहीत! परत घरी. ताई तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "सव्वादोन. हात काय बदलतो?"
शैलाने साबण लावून भरल्या. ताई हात पुढे करून बसली होती, डोळे मिटून.

१३ जाने., सोमवार
सड्याच्या माळावरच्या चिरेखाणीत पहिलं शूटिंग. भर दुपारी रात्र. लेन्सपुढे निळी काच धरली की उन्हाचं चांदणं होतं. मुंबईला शिकत असताना मॅटिनीला जे जुने विलायती भुताचे पिक्चर पाहिले, त्यांची ही युक्ती. त्यांच्याकडे किल्ले नि धुकं. आमच्याकडे खाण नि चिऱ्याची लाल धूळ, जी हमीद सुपाने उडवतो.
मांत्रिक आहे गंगाराम. एस. टी.त कंडक्टर, गावच्या नमनाच्या खेळात रावण. मंत्र म्हणता म्हणता मधेच "पुढं सरका" म्हणाला. पिक्चर मुका आहे, चालून गेलं.
जेवणाच्या सुट्टीत ताई शैलाच्या छोट्या आरशात कुंकू नीट करत होती. बराच वेळ. हाक मारवली नाही.

१५ जाने.
काल संक्रांत. पुढच्या सोमवारीही शूटिंग, म्हणून बांगड्या काढणार नाही असं ताईने जाहीर केलं. "कंटिन्यूइटी." शब्द हमीदने शिकवलाय. कुंकू मात्र शूटिंग संपताच पुसलं.
समोरच्या काकू तिळगूळ घेऊन आल्या, बघत राहिल्या हाताकडे. ताई म्हणाली, "सिनेमात काम करते मी." काकूंनी आमचा लाडू घेतला, खाल्ला नाही.

२७ जाने., सोमवार
दोन रिळं मुंबईहून धुऊन आली. स्टुडिओच्या डार्करूममध्ये दुपारीच लावली. खाणीच्या कडेवर आधी नुसता चुडा भरलेला हात येतो. शॉट हमीदनेच घेतलेला, तरी त्याने पाय खुर्चीवर घेतले. मग ताई वर येते, केस मोकळे, आणि भीती जाते. फार सुंदर दिसते. भुताच्या पिक्चरला हे मारक.
ताई म्हणाली, "परत लाव." तीनदा लावलं.

३ फेब्रु., सोमवार
आज शेवट घ्यायचा होता. मांत्रिक दगडाने जाखिणीचा चुडा फोडतो, तिची ताकद जाते, राख होते. माझा सगळ्यात लाडका शॉट. सगळ्यांना धक्का द्यायचा म्हणून कुणाला सांगितला नव्हता. सांगितला.
ताई चिऱ्यावर बसली. "हे मी करणार नाही."
मी म्हटलं, अगं, खोटंच आहे सगळं.
"एकदा केलंय, वसंता. तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. तू विचारतोयस, तर नाही."
गंगारामने हातातला दगड टाकला. "भाऊ, माज्यानं पन नाय व्हनार."
ऊन उतरलं. सामान गुंडाळलं. येताना मी सगळ्यांच्या पुढे चालत होतो, तोंड फुगवून. हमीदला चार दिवस राहिलेत आणि हिला आत्ताच हे...

४ फेब्रु.
दिवसभर पासपोर्टचे फोटो काढले. डोक्यात एकच, तो बांगड्यांचा शॉट मी कुठल्या पिक्चरमध्ये पाहिला? आठवेना. मग आठवलं. पिक्चर नव्हताच. भावोजींचा दहावा, आमची मागची पडवी, ताई खाली बसलेली, समोरच्या काकूंच्या हातात वरवंटा. मी दाराशी उभा. बावीस वर्षांचा घोडा, पुढे होऊन "नको" म्हणालो नाही. नऊ वर्षं ते जपून ठेवलं आणि तिच्याकडूनच परत करून घ्यायला निघालो. फार लाज वाटली.
संध्याकाळी तिला सांगितलं. म्हणाली, "मला खाणीतच कळलं होतं रे. आधी जेव."

८ फेब्रु.
हमीद गेला. कॅमेरा नि प्रोजेक्टर ठेवून गेला, कॅमेऱ्यात शेवटचं रीळ. एस. टी.त चढताना म्हणाला, "शेवट घे बरा. पन बाजीला मारू नको." बाजी म्हणजे ताई.
घरी मी पुटपुटत होतो की भूत मेल्याशिवाय पिक्चर संपत नाही, सगळ्या जुन्या पिक्चरांत मरतं. ताई म्हणाली, "मेलेलीला परत कशाला मारता?"

१० फेब्रु., सोमवार
खाणीत मी, ताई, गंगाराम. शेवट लिहिलेला नाही. म्हटलं, ताई, रिळात तीन मिनिटं आहेत, तुला वाटेल ते कर.
ती उठली, लुगड्याची धूळ झटकली, सरळ मांत्रिकाकडे निघाली. गंगाराम गोंधळला आणि कंडक्टरच्या सवयीने बाजूला सरून त्याने वाट दिली. ती खाणीतून वर आली, सड्यावरून समुद्राच्या अंगाला चालू लागली. निळी काच लावायची राहिली, म्हणजे रात्र नाहीच, लख्ख दुपार. रीळ संपलं तरी ती चालत होती. मी 'कट' म्हटलं नाही.

११ फेब्रु.
रीळ मुंबईला पाठवलं. शेवट झालाय की नाही, ते आल्यावर बघायचं.
शुक्रवारी आमच्याकडे हळदीकुंकू. दरवर्षी ताई वाणं आत भरून देते, बाहेर येत नाही. आज शैलाने विचारलं, "वन्सं, ह्या वेळी बाहेर बसाल माझ्याजवळ?" ताई म्हणाली, "बघू."
शूटिंग संपलं, कंटिन्यूइटीही संपली. बांगड्या अजून हातात आहेत. आत्ता ती ताक घुसळतेय, किणकिण इथपर्यंत ऐकू येतेय. पिक्चरला आवाज नाही, ह्याचं आज पहिल्यांदा वाईट वाटलं.