कोपराखाली चार बोटं

३ फेब्रुवारी
आज दुकानात वेदिका! मी कारभारीमामाच्या टाइल्सच्या दुकानात, डोक्यापासून पायापर्यंत धूळ, हातात फडकं — आणि समोर ती. इंजिनिअरिंगला एका वर्गात होतो. तिसऱ्या वर्षी सरांशी भांडून मी बाहेर पडलो; ती पास होऊन नोकरीला लागली. गंगापूर रोडला फ्लॅट घेतलाय. किचनच्या ओट्यामागे टाइल हवीय.
"अरे सार्थक, तू इथे?"
"हो, डायरेक्ट इंडस्ट्रीत!" म्हणालो. मूर्ख!

४ फेब्रुवारी
आज तिची आई, मनीषाकाकूही आल्या. त्यांना कपबशी छापलेली टाइल आवडली. माझं डोकं फिरलं. "काकू, जन्मभर रिकामी कपबशी बघत फोडणी देणार का?"
मामाने मला गोडाउनमध्ये हाकललं. पण वेदिका हसली. मी पाहिलं! मी सुचवलेली पांढरी मॅट टाइल नमुना म्हणून घरी घेऊन गेली.

७ फेब्रुवारी
काकूंनी नमुन्यावर हळदीची फोडणी ओतून ठेवली होती. घासघासूनही पिवळाच. "हे बघ तुझं इंजिनिअरिंग!" म्हणाल्या.
हरलो. चकचकीत हिरवी काढून दाखवली. वेदिकाने पटकन फोटो काढला, कुणाला तरी पाठवला, आणि दोन मिनिटांनी — "हीच!"
पिवळा नमुना मी घरी आणलाय. हळद लागलीय त्याला. शुभशकुनच की!

१० फेब्रुवारी
काय दिवस!! फ्लॅटवर माप घ्यायला गेलो. ओटा अजून बांधायचाय: काळ्या ग्रॅनाइटचा, मागे त्याचीच चार इंच उभी पट्टी — पाणी भिंतीत मुरू नये म्हणून — आणि त्यावर हिरवी टाइल.
गोटीराम मिस्त्री म्हणाले, "ओटा कोपराखाली चार बोटं पायजे. सैपाकाला उभं कोण राहणार?"
वेदिका जेमतेम पाच फूट. तरी म्हणाली, "सार्थक, तू उभा राहा."
मी!
मिस्त्रींनी माझ्या कोपराखाली बोटं धरून भिंतीवर रेघ मारली. "ताई, लय उंच हुईल. तुम्हाला पाट लागंल."
"लागू दे. स्वयंपाक मी करणारच नाहीये."
माझ्याकडे बघून म्हणाली. शपथ!

११ फेब्रुवारी
आईला म्हटलं, मला फोडणी शिकव. आई म्हणाली, "कॉलेज सोडलंस तेव्हासुद्धा एवढी घाबरले नव्हते रे."

१४ फेब्रुवारी
जिरं जळालं. अंगठापण.

१८ फेब्रुवारी
ओटा उंच झाल्यामुळे वरच्या कपाटाखालची टाइलची ओळ बसेना. मिस्त्री म्हणाले, उद्या बघू. उद्या कशाला? एकेक टाइल मीच कापली. दोन फोडल्या. मामा ओरडला. ओरडू दे! भिंत अशी चमकतेय की तिच्यात माझं तोंड दिसतं. हसरं होतं.
आज बटाट्याची भाजी जमली.

२१ फेब्रुवारी
वेदिका पेढे घेऊन आली. सोबत राज. बंगळुरूला असतो, पुढच्या महिन्यात इकडे येतोय. मेमध्ये लग्न.
तो हौसेने माझ्या पाठीला पाठ लावून उभा राहिला. "सेम हाइट, भावा! ओटा मस्त झालाय."
वेदिका म्हणाली, "म्हणून तर तुला उभं केलं. स्वयंपाक हाच करणार ना."
घरी आलो. आईने कढई काढून ठेवली होती. जिरंसुद्धा.